घुणाक्षराची वरची रेघ

अक्का,

परवा तुझी तेरवी झाली. पाहुणे पांगले, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत गेल्या, आणि आज लावण्या तुझी निळी फाईल छातीशी धरून माझ्या फर्निचरच्या दुकानात आली. तुझी ही लाडकी विद्यार्थिनी. घरात तेलुगू, मराठी तुझ्याकडून शिकलेली, आणि तुझं ते मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर वाचू शकणारी अख्ख्या आदिलाबादेत एकटीच. तुझं पुस्तक तिनंच टाईप केलंय. "मामा, सोमवारी छापखान्यात द्यायचं हाय," ती म्हणाली. "तुमी एकदा नजर टाका. म्याडम असत्या तर तुमालेच दाखवलं असतं."

हे काही खरं नाही. तू मला कधीच दाखवलं नसतंस. माझं वाचन म्हणजे फळ्यांवरचे खडूचे आकडे, असं तूच सगळ्यांना सांगायचीस. तरी मी फाईल घेतली, रंधा बाजूला सारला आणि वाचायला बसलो.

एका शब्दावर आख्खं पुस्तक. घुणाक्षर. मला पहिल्यांदा हा शब्द तू सांगितलास तेव्हा मी हसलो होतो, आठवतं? म्हटलं होतं, तोंडात खडा आल्यासारखा वाटतो. तू मग नेहमीच्या हौसेनं फोड करून दिलीस. घुण म्हणजे लाकूड खाणारा किडा. धान्याच्या गंजातले व्यापारी ज्वारी हातात घेऊन 'घुन लग गया' म्हणतात, तोच. तो लाकूड खात खात वळत जातो आणि कधीतरी त्याच्या खाण्यातून एखादं अक्षर उमटतं. किड्याला अक्षर माहीत नसतं. त्याला भूक तेवढी माहीत असते. असं न ठरवता, न कळता जे घडून येतं त्याला जुने शास्त्री लोक घुणाक्षर म्हणायचे. एखाद्या वैद्याला रोगच कळला नाही आणि तरी रोगी उठून बसला, तर ते घुणाक्षर. आणि घुण् या धातूचा अर्थ फिरणं, गरगरणं, हे सांगताना तुझा हातही हवेत गोल फिरायचा. एक फिरत राहणारा, आणि एक न झिजणारं अक्षर, असे दोघं एका शब्दात कसे राहायला आले असतील, असं म्हणून तू बराच वेळ कुठंतरी बघत बसायचीस. मी चहा संपवायचो.

पुस्तकाच्या मधोमध फोटो आहे. तुझ्या बैठकीतल्या भिंतीवरची बाभळीची फळी, तिच्यावर ळ. खाली तुझं वाक्य आहे: 'बाभळीच्या फळीवर घुणाने कोरलेले अक्षर. यास मनुष्याचा हात लागलेला नाही.'

लागलाय, अक्का. माझा.

हे एवढं बोलायला मला चाळीसेक वर्षं मिळाली होती आणि मी ती घालवली. सोमवारी हे वाक्य छापलं गेलं की ते कायमचं खरं होऊन बसेल. जन्मभर तू एक कानाही चुकीचा जाऊ दिला नाहीस, आणि तुझ्या एकुलत्या पुस्तकात खोटं असेल ते माझ्यामुळे. हे आज दुपारपर्यंत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून आता तुला लिहायला बसलोय. उशीर झालाय हे मला कळतं, त्यावरून बोलू नकोस.

ते बाकडं मीच केलं होतं. गावात असताना, शेजारच्या तामसीच्या सुतारमामाकडं शिकायला लागून मला वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि हात नुसते शिवशिवायचे. बांधावरची बाभूळ तोडली ती ऐन उजेडाच्या पंधरवड्यात. बाबा शेतातून आले, तोडलेलं खोड पाहिलं आणि कपाळाला हात लावून बसले. "अंधाऱ्यात तोडत असतात रे लाकूड. हे चांदण्यातलं हाय, याले किडा खाईन." मी म्हटलं, चंद्राचा आणि किड्याचा काय संबंध. सुतारमामानंही मला हेच शिकवलं होतं, शिवाय तोडलेलं खोड दोन महिने नाल्याच्या पाण्यात मुरू द्यायचं असतं, तेही सांगितलं होतं. मी दोन्ही केलं नाही. बाकडं झालं मात्र देखणं. ओट्यावर ठेवलं. पहिला पाऊसकाळ सरला तसं रोज सकाळी त्याच्याखाली पिवळ्या पिठाची ढिगुळी दिसायला लागली. बाबा झाडताना त्या पिठाकडं आणि मग माझ्याकडं बघायचे.

त्याच वर्षी तू मुधोळहून परत आलीस. एक पेटी, एक पिशवी, आणि तामसीपासून गावापर्यंत पायी. लग्नाला पुरतं वर्ष नव्हतं झालं. तिथं काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मायनं विचारलं असेल. तू त्या बाकड्यावर येऊन बसलीस आणि जवळजवळ तिथंच राहिलीस. समोर कापूस फुटला, वेचला, ज्वारी हुरड्यावर आली, काढली, आणि तू बसलेली. जेवायला हाक मारली की यायचीस, ताट संपवायचीस, पुन्हा तिथं. नागपूरला अर्धवट सोडलेल्या एम. ए.ची पुस्तकं पेटीत तशीच होती. गल्लीतल्या बाया यायच्या, मायच्या कानाशी लागायच्या, पण आवाज तुझ्यापर्यंत येईल एवढा ठेवायच्या. "सटवीनं कपाळी लिहिलं, ते कोनाले पुसता येते माय." तू ऐकायचीस आणि समोर बघत राहायचीस. मला त्या बायांचा असा राग यायचा की सांगता येत नाही. सटवीचाही यायचा.

दिवाळीनंतर मी बाकडं उलटं करून रॉकेल पाजायला घेतलं. तू तेवढ्यापुरती विहिरीकडं गेली होतीस. खालच्या बाजूला सालीची एक पट्टी राहून गेली होती, ती मी पटाशीनं उचकटली आणि आत किड्याच्या वाटा दिसल्या. एका जागी दोन वेटोळी शेजारी शेजारी, एकमेकांना चिकटलेली. चष्मा पालथा ठेवावा तशी. मला तुझा तो खडा आठवला. घुणाक्षर. आणि मला वाटलं, थोडंच कमी आहे.

वर एक आडवी रेघ पाहिजे आणि ती वेटोळ्यांना जोडणारी एक बारकी दांडी, की झाला ळ. मी टोचा घेतला. किड्याच्या वाटेची खोली बघितली, तेवढाच दाब दिला. कडा खरबरीत ठेवल्या. मग चहाचं पाणी लावलं, वरून बाकड्याखालचंच पीठ चोळलं. सगळं मिळून पाव तास. एवढं मन लावून मी तोवर काही केलं नव्हतं, बाकडंसुद्धा नाही. तू कळशी घेऊन आलीस तेव्हा मी रॉकेलचा बोळा हातात धरून साळसूद उभा होतो.

"अक्का, हे पाय बरं."

"काय हाय?"

"पाय तर खरं. किड्यानं काय केलं."

तू कळशी खाली ठेवलीस. वाकलीस. बोट लावलंस. मग जमिनीवर बसलीस, ओल्या लुगड्यानिशी, आणि हसायला लागलीस. अक्का, सहा महिन्यांत तू हसली नव्हतीस. मायनं स्वयंपाकघरातून धावत येऊन पाहिलं, तिला वाटलं रडतेयस. तू म्हणालीस, "माय, वेद सोडले तर संस्कृतात हे अक्षर कुठंच सापडत नाई. किडा मराठी निघाला." मग म्हणालीस, तेलुगूतही आहे, म्हणजे पक्का आदिलाबादचा. आणि पुन्हा हसलीस.

आता सांग, मी कधी सांगणार होतो? त्याच आठवड्यात तू पेटी उघडलीस.

त्या दिवसांतली एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आज फाईल मांडीवर ठेवून दुकानात डोळा लागला, तेव्हाही तीच दिसली. ऊन ओट्याच्या कडेपर्यंत आलेलं, कुठून तरी कापसाचे बोंडभर तंतू हवेत सरकत चाललेले, आणि तू बाकड्यावर आडवी, कान लाकडाला लावून. "ये," तू खुणेनं म्हणालीस. मीही कान लावला. आत किडा खात होता. कर्र, मग थांबायचा, मग पुन्हा कर्र. "लिहून राह्यला," तू कुजबुजलीस. आपण दोघंही मोठी माणसं, आणि तसे एका फळीच्या दोन टोकांना कान लावून पडलो होतो. लाकूड उन्हानं कोमट झालं होतं. तुझे डोळे मिटलेले होते. जाग आली तेव्हा माझा गाल दुकानातल्या सागवानी टेबलावर होता आणि आतून काहीच ऐकू येत नव्हतं. सागाच्या नारात, आतल्या पक्क्या लाकडात, किडा शिरत नाही. मला ठाऊक असून मी थोडा वेळ तसाच राहिलो.

पुढं तू एम. ए. केलंस, इथं ज्युनिअर कॉलेजात संस्कृत शिकवायला लागलीस. मार्कं पडतात म्हणून संस्कृत घेणाऱ्या पोरांना तू तीस वर्षं तोंड दिलंस आणि त्यातल्या एखाद्या लावण्येवर खूष राहिलीस. बाकडं मोडलं तेव्हा तू ती एक फळी माझ्याकडून कापून घेतलीस. मी कापताना म्हटलं, "जाऊ दे ना अक्का, जुनी किडकी फळी कायले लावतं भिंतीला." तू माझ्याकडं असं पाहिलंस की मी गप करवत चालवली. दर वर्षी नवी पोरं तुझ्या बैठकीत त्या फळीपुढं उभी राहायची. चहा घेऊन मी आलेलो असलो की मलाही पुन्हा ऐकावं लागायचं.

आणि आपलं भांडण. ते तर संपलंच नाही. तू म्हणायचीस, यामागं कुणी नाही, हीच यातली गंमत. मी म्हणायचो, कशावरून कुणी नाही? तू म्हणायचीस, "नाम्या, तुले तर जिथंतिथं देव दिसते." अक्का, मी देवाचं बोलतच नव्हतो. मी माझं बोलत होतो. तू मला भाविक समजून माझी कीव करायचीस आणि मी चडफडत सुपारी कातरत बसायचो. लावण्येला तर तू सांगितलं होतंस म्हणे, माझ्या भावाचा स्वभाव भोळा आहे.

एकदा मात्र तू हसली नाहीस. माय गेल्यानंतरची गोष्ट. मी सहज म्हटलं, काय करणार, ज्याच्या त्याच्या कपाळी लिहिलेलं. तू एकदम ताठ बसलीस. "काहीच लिहिलेलं नव्हतं रे माया कपाळी. मुधोळला जे झालं ते कोणी लिहून नव्हतं ठेवलं. सटवी म्हणजे घुण हाय. तिले लिहिता येत नाई. ती खात जाते, आन् आपण त्यात अक्षरं वाचत बसतो." मग म्हणालीस, "हे मले त्या फळीनं शिकवलं. नाई तर मी त्या बाकड्यावरच मेली असती."

त्या दिवशी मी घरी येताना ठरवलं, की हे माझ्याबरोबरच जाळायचं. तुझं सगळं उभं राहणं ज्या गोष्टीवर होतं, तिच्यावर माझ्या टोच्याची रेघ होती. कुणीही लिहिलेलं नाही, याच्या आधारानं तू जगत होतीस, आणि लिहिणारा तुझ्यासमोर सुपारी कातरत बसलेला. मला भीती वाटायची. तुझ्या रागाची नव्हे. तू पुन्हा समोर बघत बसशील, याची.

आणि तरी गेल्या हिवाळ्यात माझ्या तोंडून निघालंच. तू पुस्तकातला तो भाग मला वाचून दाखवत होतीस. कधी नव्हे ते. बाहेर रस्त्यावर कापसाच्या गाड्या यार्डाकडं चाललेल्या, तुझा आवाज बारीक झालेला, मध्ये मध्ये दम घ्यायला थांबत होतीस. 'मनुष्याचा हात लागलेला नाही' इथं तू आलीस आणि मी म्हटलं, "अक्का, किडा सरळ रेघ मारत नाही."

तू चष्मा काढलास. "म्हणजे?"

"म्हणजे काई नाई. इतकी वर्षं लाकूड फाडून राह्यलो, म्या तरी पाहिला नाई सरळ जाणारा किडा. वळते तो. फिरते. तूच म्हणतं ना, फिरणारा."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. मला वाटलं, आता विचारशील. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून म्हणतो. पण तुला खोकला आला, मी पाणी आणायला उठलो, आणि पाणी घेऊन आलो तोवर तू पुढचं पान उघडलं होतंस. मी सुटलो. सुटल्याचा आनंद झाला होता मला, अक्का. त्याची आता लाज वाटते.

आज दुपारी मी लावण्येला सगळं सांगितलं. ती दुकानातल्या अर्धवट पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. मला वाटलं रडेल, नाहीतर चिडेल. तिनं फोटो जवळ घेतला आणि अंगठ्यानं वरची रेघ दांडीसकट झाकली.

"मामा, तेलुगूत वर रेघ कुठं असते? मले तर हे असंही अक्षरच दिसते."

मी पाहिलं. दोन वेटोळी, वर काही नाही. मला ती फक्त वेटोळी दिसली. तिला अक्षर दिसत होतं. माझ्या रेघेची गरजच नव्हती, फक्त तू तेलुगू घरात जन्मायला पाहिजे होतीस, असं मी म्हटलं तेव्हा आम्ही दोघं हसलो, तेराव्या दिवसानंतर पहिल्यांदा. पण तुला हे चाललं असतं का, ते मला माहीत नाही. तू म्हणाली असतीस, पळवाटा नको काढू, मुद्द्यावर ये.

मग लावण्या म्हणाली, "तुमी म्याडमची वही पाहिली का? मी त्यावरूनच टाईप केलं. एका ठिकाणी बाजूला काई लिहिलं हाय, ते मले समजलं नाई म्हणून सोडून देल्लं."

तिनं वही काढली. ते पान. तुझं वाक्य, आणि शेजारी समासात लाल शाईत लिहिलेलं: 'नाम्या म्हणतो किडा सरळ रेघ मारत नाही. तपासणे.'

तुझ्या वहीत असे किती 'तपासणे' आहेत, अक्का. प्रत्येकापुढं नंतर निळी बरोबरची खूण आणि काय सापडलं ते. या एकापुढं खूण नाही. तारीख टाकली असतीस तर कळलं असतं, पण मला वाटतं त्याच दिवशी लिहिलंस, मी पाणी आणायला गेलो तेवढ्यात. फळी भिंतीवरच होती. उठून बोट फिरवलं असतंस तर कळलं असतं. तू उठली नाहीस की तुझ्याच्यानं उठवलं नाही, हे मला आता कुणी सांगणार नाही. एवढं कळलं की ज्यावर तू उभी होतीस तेच तू तपासायला काढलं होतंस, आणि मी उगीच तुला जपत बसलो. तुला जपायची गरज नव्हती. तू माझ्यापेक्षा धीट होतीस आणि मी चाळीस वर्षं तुला काचेचं भांडं समजलो.

फोटोखालचं वाक्य मी लावण्येला बदलायला सांगितलं नाही. तुझ्या वाक्याला हात लावायची माझी लायकी नाही, एकदा लावला तेवढा पुरे. वाक्य तसंच राहील. त्याच्याशेजारी तुझी समासातली ओळ छापायची, आणि तिच्यापुढं एक खूण.

लावण्येनं पेन दिलं. निळंच. तुझ्या वहीत मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं, खडूच्या सवयीनं जरा मोठंच झालं: 'तपासले. वेटोळी किड्याची. वरची रेघ माझी. तू हसावीस म्हणून.'